चाती आणि तिच्यामागचा माणूस



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढे जे वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न धरता एका साध्या वस्तूची हकीकत ऐकावी, एवढीच विनंती.

ही पाहा टकळी. एक काडी आणि खालच्या टोकाशी एक चकती. चकतीच्या वजनाने फिरणे टिकते, फिरण्याने पीळ बसतो, आणि पीळ बसला की इंचभर लांबीच्या तंतूंचे हवे तेवढे लांब सूत होते. बडबड्या माणसाची टकळी चालली आहे असे आपण म्हणतो, ते या न थांबणाऱ्या फिरण्यावरूनच.

ही काडी फार जुनी आहे. मोहेंजोदडोला मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. काड्या कुजल्या, चकत्या राहिल्या. धनगराच्या टकळीवर लोकर कातली जाते आणि तिची घोंगडी होते. ढाक्याच्या मलमलीसाठी बायका सुईसारखी बारीक चाती शिंपल्यात टेकवून फिरवीत. कोरड्या हवेत धागा तुटतो म्हणून सकाळ-संध्याकाळच्या दमट हवेत कातीत. चरख्याने हीच चाती आडवी केली आणि माळेने चाकाला जोडली. चाक एकदा फिरले की चाती कितीतरी वेळा फिरते. परंतु या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कापूस वाईट निघाला तर हात आपोआप मंदावे. चाती माणसाच्या हाताचे ऐकत असे.

पुढे हे नाते उलटे झाले. इंग्लंडात हारग्रीव्हज नावाच्या विणकराने एकाच चाकावर अनेक चात्या फिरवल्या. १७६८ साली पोटावर पाय येईल या भीतीने लोकांनी त्याची यंत्रे फोडली. १७७० साली त्याने पेटंट घेतले, ते सोळा चात्यांच्या यंत्राचे. मुंबईत १८५६ साली कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली; नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली. तेव्हापासून गिरणीची ओळख चात्यांच्या आकड्याने होऊ लागली. पंचवीस हजार चात्यांची गिरणी म्हटले की भांडवलाचा अंदाज येतो. माणसे किती, हे कोणी विचारीत नाही.

माणसाने हे विचारले तेव्हा संप झाले. १९२८ सालचा मुंबईचा मोठा संप सहा महिने चालला. त्यातले एक गाऱ्हाणे हेच होते: रिंग खात्यात एका माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, हा मालकांचा आग्रह.

पुढच्याच वर्षी, १९२९ साली, गांधीजींच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. ते कोणालाच मिळाले नाही. आम्ही खादीवाले नव्हे. पण त्या बक्षिसाची एक अट आम्हांला फार शहाणपणाची वाटते. बाईला फारशी दमछाक न होता सलग आठ तास चालवता यावे, असे ते यंत्र हवे होते. म्हणजे यंत्राची परीक्षा आधी माणसाच्या अंगाने घ्यायची!

ही अट आम्हांला उशिरा वाचायला मिळाली. तिची गरज मात्र आधीच कळली होती. आम्ही एका सूतगिरणीत सायडर होतो. सायडर म्हणजे चात्यांच्या रांगेपुढे फिरत राहून तुटलेला धागा सांधणारा. आमच्या चात्या वाढवल्या तेव्हा साहेब म्हणाले, "यंत्र नवे आहे, तुम्हांला नुसते बघायचे." पण त्या हंगामात कापूस हलका घेतला होता. चाती मिनिटाला पंधरा हजार फेरे घेते. ती कापूस पाहून मंदावत नाही. आमच्यातली एक बाई म्हणाली, "दादा, चात्या कशाला मोजता? तुटी मोजा."

एवढे साधे आमच्या ध्यानात आले नव्हते. मग चार रात्री वही घेऊन आम्ही तासातासाच्या तुटी लिहिल्या. जुन्या कापसाला किती, नव्याला किती, सगळे मांडले. साहेबांनी वही दोनदा चाळली. चात्या कमी झाल्या नाहीत. पण हलका कापूस लागेल तेव्हा मदतीला जादा माणूस द्यायचे कबूल झाले. पुरता विजय नव्हे. तरीपण त्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत बायका खाली बसून डबा खाऊ लागल्या.

आता चातीच जाऊ लागली आहे. १९६७ साली झेकोस्लोव्हाकियातून रोटरची यंत्रे बाजारात आली. त्यांत जाड सूत चातीवाचून निघते. मुंबईतल्या बहुतेक गिरण्याही १९८२ च्या संपानंतरच्या वर्षांत मिटल्या. चातीसाठी आम्ही रडणार नाही. हत्यारे बदलतातच. ज्यांनी यंत्रे फोडली त्यांची भूक खरी होती, पण फोडून ती भागली नाही. आमचे मागणे निराळे आहे: नवे यंत्र आणा, मात्र त्यापुढे उभे राहणाऱ्याला आधी विचारा, हे आठ तास झेपेल काय?

ही टकळी मंडळाच्या टेबलावर ठेवून जातो. जाताना प्रत्येकाने एकदा फिरवून पाहावी. पहिला धागा तुटेल. दुसराही तुटेल. मग तो सांधणाऱ्या हाताची किंमत आमच्या भाषणावाचून कळेल.