बाणगंगेकाठी आपले स्वागत



आनुवंशिकी परिषदेचे पाय बाणगंगेकाठच्या आमच्या फलटण गावाला लागले, हे आमचे भाग्य. समस्त फलटणकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

पाहुणचार या गावाच्या अंगवळणी आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते. महानुभाव पंथीय फलटणला दक्षिण काशी मानतात. शिवछत्रपतींच्या राणीसाहेब सईबाई इथल्याच निंबाळकर घराण्यातल्या. राजवाडा, राममंदिर आणि जबरेश्वराचे कोरीव देऊळ पाहिल्याशिवाय कृपया कोणी परतू नये.

मात्र माझा सर्वांत मोठा अभिमान वेगळाच आहे. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली इथे निंबकर कृषी संशोधन संस्था उभारली. बिनकाट्याची करडई या संस्थेने दिली. आमची दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात मैलोगणती चालणारी. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. संस्थेने सुंदरबनातली इवलीशी गॅरोल मेंढी आणली. तिला जुळी-तिळी होतात, आणि त्यामागे एकच जनुक आहे. १८६५ साली ब्रनोच्या मठातल्या मेंडेलने वाटाणे मोजून सांगितले होते की, गुण एकमेकांत विरघळत नाहीत, ते सुट्या घटकांनी पुढच्या पिढीत जातात. जगाने ते १९०० साली मनावर घेतले. त्याचा पडताळा मी आमच्या माळावर पाहिला. संकरात गॅरोलची ठेंगणी चण मागे पडली, जुळ्यांचे जनुक तेवढे राहिले. मेंढीच्या रक्तावरून ते ओळखायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ मिळाली.

या जनुकाची वाट जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांतले जुळ्यांचे जनुक २००१ साली नेमके सापडले, आणि गॅरोलमध्येही तेच निघाले. ते इतकी वर्षे जपले सुंदरबनातल्या गरीब मेंढपाळांनी. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. आमचे धनगर बांधवही मेंढा निवडताना त्याची आई आणि आजी आठवतात. विज्ञानाच्या इतिहासात या माणसांना जागा मिळावी, एवढीच माझी आपल्याकडे मागणी आहे.

आता व्यवस्थेविषयी. काही प्रतिनिधींची सोय मंगल कार्यालयात करावी लागली, तिथे गरम पाणी पहाटे पाच ते सातच मिळेल. काल रात्री वीज गेल्याने जेवणाला उशीर झाला, त्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. आज जनरेटर आणला आहे. काही उणे दिसले तर कार्यकर्त्यांना रागावू नका, मला सांगा.

मंडपासाठी देणगी देणारे व्यापारी, धान्य पाठवणारे शेतकरी, दूध पुरवणारे गवळी, घरच्या खोल्या रिकाम्या करून देणारी कुटुंबे, भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, रात्रभर जागलेले विद्यार्थी आणि उद्याच्या भेटीसाठी आपला कळप माळावर थांबवून ठेवणारे मेंढपाळ, या सर्वांचा मी ऋणी आहे.

उद्या सकाळी माळावर आपल्याला जुळी कोकरे दिसतील. ती हाती घेऊन पाहा, आणि ज्याने ती वाढवली त्या मेंढपाळाशी चार शब्द बोला.

जय हिंद, जय महाराष्ट्र!