जन्मतः लहान कान : दोष कोणाचा, उपाय काय?

(पनवेल तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण कानाविषयी बोलू.

काही मुले जन्मतःच एक कान लहान घेऊन येतात. कानाच्या जागी भुईमुगाच्या शेंगेएवढा मांसाचा गोळा असतो. पुष्कळदा कानाचे छिद्रही बंद असते. दर काही हजार बाळंतपणांत असे एखादे मूल जन्माला येते. बहुतेक मुलांचा एकच कान असा असतो. दुसरा कान चांगला असतो.

असे मूल घरात आले की काय होते? आधी कुजबुज सुरू होते. मग बाळाच्या डोक्यावर कानटोपी चढते. बारशाला बाया जमल्या तरी टोपी निघत नाही. वैशाखाच्या उन्हातसुद्धा टोपी! आणि बाळंतिणीला ज्याचा त्याचा एकच प्रश्न : "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?"

आधी या प्रश्नाचा निकाल लावू.

पोटातल्या बाळाचा कान कधी घडू लागतो? गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो तेव्हा. त्या वेळी कित्येक बायांना दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. गर्भाच्या बाजूला सहा बारीक उंचवटे येतात. ते वाढतात, एकमेकांना मिळतात आणि त्यांचा कान होतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास कानाला आपल्या ओळखीचा आकार आलेला असतो.

आता तुम्हीच सांगा. सातव्या महिन्यात ग्रहण लागले आणि सुनेने विळीवर भाजी चिरली. जो कान आधीच घडून गेला आहे, तो त्या विळीने कसा कापला जाईल?

दुसरे असे की, ग्रहण काही एका घराला लागत नाही. ते पनवेलला दिसते तेव्हा पेणला दिसते, उरणला दिसते, कर्जतलाही दिसते. त्या दिवशी या गावांत किती तरी गरोदर बाया असतात. त्यांनी स्वयंपाक केला, भाजी चिरली. त्या सगळ्यांच्या मुलांचे कान कापलेले निघाले काय? नाही ना?

मग दोष कोणाचा? बहुतेक वेळा कोणाचाच नाही. ते सहा उंचवटे वाढताना कुठे तरी वाढ अडते. असे का झाले, ते पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काही थोड्या घराण्यांत हे पिढीत येते. काही औषधांनीही गर्भाला असा अपाय होतो. तोंडावरच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात, ती त्यांतलीच एक. म्हणून दिवस राहिल्यावर, किंवा राहण्याचा संभव असताना, डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये. पाळायचे ते हे पाळा. विळीचा त्यात काही संबंध नाही.

आपल्याच तालुक्यात नेऱ्याजवळ शांतिवन आहे. तिथे कुष्ठरोग्यांची सेवा झाली. एके काळी लोक कुष्ठरोगाला पापाचे फळ म्हणत आणि रोग्याला गावाबाहेर काढत. आज आपल्याला ठाऊक आहे की तो जंतूंनी होतो आणि औषधाने बरा होतो. कानाचेही तसेच आहे. आईला बोल लावून कान वाढत नाही. फक्त घरात दुःख वाढते आणि उपायाचा वेळ वाया जातो.

हा वेळ फार मोलाचा आहे. का, ते ऐका.

कानाची कामे दोन. एक ऐकण्याचे, दुसरे रूपाचे. आपल्या घरांत रूपाची चिंता आधी होते. "पोरीचं लग्न कसं व्हायचं?" असे लोक पाळण्यातल्या बाळाकडे पाहून म्हणतात. पण लग्नाला वीस वर्षे आहेत. ऐकण्याला वीस दिवसही थांबायचे नसते. मूल ऐकते म्हणून बोलते. ज्याच्या कानावर शब्दच पडत नाही, त्याच्या तोंडून शब्द कसा निघेल?

म्हणून असे बाळ जन्मले की पहिल्या महिन्यातच त्याच्या दोन्ही कानांची तपासणी करून घ्यावी. जो कान चांगला दिसतो, त्याचीसुद्धा. या तपासणीत बाळ झोपलेले असते. डोक्याला बारीक तारा चिकटवतात आणि कानाशी आवाज करतात. मेंदूपर्यंत आवाज पोचला की नाही, ते यंत्र दाखवते. बाळाला काही दुखत नाही.

तुम्ही म्हणाल, "छिद्रच बंद, तर ऐकू काय येणार?" त्याची एक गंमत करून पाहा. घरी गेल्यावर दोन्ही कानांत बोटे घाला आणि फुटाणे चावा. कुरकुर आवाज चांगला मोठा येतो. कान बंद, तरी आवाज आला. तो कोठून आला? हाडांतून आला. अशा बहुतेक मुलांचा बाहेरचा कान बिघडलेला असतो, पण आतला कान शाबूत असतो. म्हणून डोक्याच्या हाडाला आवाज पोचवणारे यंत्र निघाले आहे. ते पट्ट्याला लावून लहान बाळाच्या डोक्याला बांधता येते. त्याला कापाकापी लागत नाही. दोन्ही कान बंद असलेल्या मुलाला असे यंत्र पहिल्या सहा महिन्यांच्या आतच मिळाले पाहिजे. उशीर झाला तर बोलणे मागे पडते.

एक कान चांगला असेल, तर मूल बोलायला शिकते. पण त्याला आवाज कोणत्या बाजूने आला ते चटकन कळत नाही. रस्ता ओलांडताना त्याला जपा. शाळेत त्याचा चांगला कान गुरुजींकडे येईल असे बसवायला सांगा. आणि त्या चांगल्या कानाला डोळ्यांत तेल घालून सांभाळा. त्यात काडी घालू नका, तेल ओतू नका. तो दुखला, फुटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता रूपाकडे वळू. नवा कान करता येतो काय?

येतो. काही जण याला विलायती खूळ म्हणतात. पण ही विद्या आपल्या मातीतलीच आहे. सुश्रुताच्या जुन्या ग्रंथात फाटलेली कानाची पाळी सांधण्याच्या १५ रीती सांगितल्या आहेत. गालाची कातडी घेऊन पाळी करण्याची रीतही त्यात आहे.

जवळची गोष्ट हवी, तर घाट चढून पुण्याला जाऊ. १७९२ साली टिपू सुलतानाशी लढाई चालू होती. इंग्रजांच्या फौजेत एक मराठा बैल हाकणारा होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा कोणी दरबारी वैद्य नव्हता. तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता.

त्याने काय केले? मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेतले. ते माप कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. मात्र दोन भुवयांमध्ये तिचा देठ तसाच ठेवला. सुमारे २५ दिवसांनी ती जागेवर धरली, तेव्हा देठ कापला. आंब्याचे भेटकलम तुम्ही पाहिले असेल. फांदी मूळ झाडालाच असते, ती रोपाशी बांधतात आणि सांधा जुळल्यावर मग कापतात. तीच ही युक्ती. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी असे काम डोळ्यांनी पाहिले. १७९४ साली ही हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली. ती तिकडच्या डॉक्टरांनी वाचली आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या डॉक्टरने लंडनला तसेच नाक करून दाखवले.

तिथून विद्या वाढत गेली. १९२० साली गिलीज नावाच्या डॉक्टरांनी बरगडीच्या मऊ हाडाचा कान कोरून कातडीखाली बसवण्याची रीत सांगितली. १९५९ साली अमेरिकेत टँझर यांनी ती नीट बसवली. याच गिलीज यांच्या हाताखाली मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया शिकले. परत येऊन त्यांनी जे. जे. रुग्णालयात अशा शस्त्रक्रियांचा विभाग उभा केला. पुण्याच्या कोंढव्यात त्यांनी कुष्ठरोग्यांचे झडलेले अवयव सुधारले. १९६७ साली त्यांनी आणि डॉ. बूच यांनी कानाची तुटलेली कड भरून काढण्याची एक रीत छापली. ती आजही जगभर वापरतात. पुढे याच अंतियांनी आपल्या जिल्ह्यात मांडव्याला खेड्यातल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. म्हणजे पुण्याहून गेलेली विद्या मोठी होऊन घरी आली.

आता नवा कान कसा करतात ते पाहू.

कुडाचे घर बांधताना आपण आधी कारवीचा कूड उभा करतो आणि मग माती लिंपतो. कानाचेही तसेच आहे. आत एक मऊ हाड असते, त्याला कूर्चा म्हणतात. वर कातडी असते. आपला कान वाकवून सोडा, तो लगेच पुन्हा उभा राहतो. ती कूर्चेची करामत. नव्या कानाला असा कूड लागतो. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला मिळतात तिथे ही कूर्चा असते. तिथून थोडी काढून घेतात.

मूल फार लहान असेल, तर ही कूर्चा पुरत नाही. म्हणून सहा ते दहा वर्षांपर्यंत थांबावे लागते. नक्की केव्हा, ते डॉक्टर छातीचे माप पाहून ठरवतात. तोवर चांगला कानही जवळजवळ मोठ्या माणसाच्या कानाएवढा झालेला असतो. त्याचे माप पारदर्शक कागदावर उतरवून घेतात.

मग मुलाला भूल देतात. पेणचा कारागीर गणपतीचा कान जसा बारकाईने घडवतो, तसा डॉक्टर कूर्चेचा कान कोरतो. त्याची कड, खळगा, वळण, सगळे त्यात येते. हा कूड कानाच्या जागी कातडीखाली सरकवतात. बारीक नळीने आतली हवा आणि रक्त ओढून घेतात. मग कातडी कुडाला घट्ट बसते आणि कानाचा आकार दिसू लागतो.

साधारण सहा महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया. पहिल्या वेळी कान डोक्याला चिकटलेला असतो. तो उचलून उभा करतात. मागच्या उघड्या जागेवर दुसरीकडची पातळ कातडी लावतात. राबातले रोप खणून खाचरात लावले की ते धरते, तशी ती कातडी धरते. काही मुलांना तिसऱ्यांदाही छोटे काम करावे लागते.

यात धोका नाही असे मी सांगणार नाही. छाती काही दिवस दुखते. कधी कातडी धरत नाही, कधी जखम पिकते. छातीच्या आत इजा होण्याचीही थोडी भीती असते. नवा कान दुसऱ्या कानासारखा हुबेहूब होईलच असे नाही. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नव्या कानाने रूप येते, ऐकू येत नाही. ऐकण्याचा उपाय वेगळा करावा लागतो. बंद छिद्र उघडण्याची शस्त्रक्रिया सगळ्या मुलांना मानवत नाही. म्हणून "कान करा, ऐकू येईल" असे कोणी सांगून पैसे मागितले, तर सावध राहा.

आणखी दोन सूचना. तो जो लहानसा गोळा असतो, तो कोणाकडूनही कापून घेऊ नका आणि टोचूही नका. पुढे नव्या कानाची पाळी करायला तोच उपयोगी पडतो. दुसरी सूचना अशी की, काही बाळांचा कान पुरा असतो, फक्त दुमडलेला किंवा चुरगळलेला असतो. असे बाळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डॉक्टरकडे न्या. तेव्हा कूर्चा ओल्या मातीसारखी मऊ असते. साच्याने तिला वळण लावता येते, सुरी लागत नाही. मात्र घरी दोरा किंवा चिकटपट्टी बांधू नका.

आता जायचे कोठे? गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना आधी सांगा. मुलांच्या जन्मतः असलेल्या व्यंगांची तपासणी करणारी सरकारी योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असे तिचे नाव. २०१३ साली तिचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. तिचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्या दिवशी मुलाला टोपी घालून घरी ठेवू नका. टोपी काढून पुढे करा!

पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. कामोठ्याला एमजीएमचे रुग्णालय आहे. तिथे कान, नाक, घसा यांचे डॉक्टर भेटतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची संस्था आहे. ऐकण्याची तपासणी आणि यंत्र हे तिचेच काम. शस्त्रक्रियेसाठी जे. जे. रुग्णालय आहे. पनवेलहून हार्बरची गाडी सँडहर्स्ट रोडला जाते, तिथून ते जवळ पडते. खर्चाला भिऊन मागे फिरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. हे काम योजनेत बसते का, कोणते कागद लागतील, हे त्यांना आधी विचारा. आता तुम्हाला वाचता येते. कागदावर सही करण्याआधी तो वाचा, समजला नाही तर पुन्हा विचारा.

शेवटी मुलाचे मन. शाळेत पोरे चिडवतात. त्या मुलाला घरात तरी कोणी लपवू नये. त्याला सांगावे, "तुझा कान असाच घडला. कोणाची चूक नाही. मोठा झालास की नवा करू. नको वाटला तर नको." काही जण मोठेपणी म्हणतात, आम्ही आहोत तसेच बरे आहोत. तेही खरेच आहे. रूपाचा निर्णय त्या मुलाला विचारून करावा. ऐकण्याचा निर्णय मात्र आईबापांनी पहिल्याच महिन्यात करावा.

आणि पुन्हा कोठे कोणी बाळंतिणीला ग्रहणाबद्दल बोल लावू लागले, तर तुम्ही गप्प बसू नका. तिच्या बाजूने बोला. "कानांची तपासणी झाली का?" एवढेच विचारा, आणि नसेल झाली तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा.