साथीची पहिली खबर

साथरोगशास्त्राचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांनो,

ही परिषद मोठ्या शहरात न भरवता सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीत भरवावी, असा स्वागत समितीचा आग्रह होता. आयोजकांनी तो मानला, त्यांचे आभार.

1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. आशियात पीतज्वर शिरला की काय, या शंकेने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे धावले. हाती लागला तो गोचिडीतून पसरणारा, जगाला तोवर अपरिचित असा विषाणू. तोच माकडताप 2016 मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात आला, ऐन काजूच्या हंगामात.

आमच्याकडच्या बाया पातेऱ्यात पडलेली बोंडे वेचतात, बी पिरगळून काढतात, दमल्या की तिथेच टेकतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्याही त्याच पातेऱ्यात उतरतात. ‘पाचोळ्यात बसू नका’ हे भित्तिपत्रकावर छापणे सोपे. रोजंदारीवरच्या बाईने दिवसभर बसायचे कुठे, हे बागेत गेल्यावाचून सुचत नाही.

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत 2001 पासून, तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून प्रत्यक्ष साथीचा तपास करता करता शिकवले जाते. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. तिच्यात एका गोष्टीवर अधिक भर हवा. मेलेल्या माकडाची खबर पहिल्यांदा देतो तो गुराखी, नाहीतर आशाताई. मग माकड वनखात्याचे, गोचीड पशुसंवर्धनाची, ताप आरोग्यखात्याचा, अशी वाटणी सुरू होते. या तिघांना त्याच दिवशी त्या झाडाखाली आणणे आणि तपासणीत काय निघाले ते खबर देणाऱ्याला जाऊन सांगणे, हे तुम्हाला आले पाहिजे. कारण एकदा उत्तर मिळाले नाही की तो माणूस पुन्हा फोन करत नाही. उद्या जगाला धास्ती वाटावी असा एखादा नवा विषाणू इथे उगवला, तर पुण्याची उत्तम प्रयोगशाळासुद्धा न पोचलेला नमुना तपासू शकणार नाही.

उद्या सकाळी आपण दोडामार्गला निघू. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला. गोचिडी दूर ठेवणारे तेल न्याहारीच्या जागी ठेवलेले असेल. दुपारचा सगळा वेळ आशाताईंसाठी राखला आहे. त्या बोलतील, आपण ऐकू.

अध्यक्षांनी उद्घाटन करावे, ही विनंती.