कौल कसा मोजावा?

खेळ कसा असावा हें पूर्वीं खेळ रचणारा ठरवीत असे. खेळणाऱ्यानें तो मुकाट्यानें खेळावा अशी रीत होती. संगणकावरील कांहीं खेळांनीं ही रीत पालटली. २०१३ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या खेळांत नव्या गोष्टी खेळाडूंचा कौल घेऊन आणण्याचा प्रघात पडला. प्रारंभीं शेंकडा ७५ मतें अनुकूल असल्यावांचून सूचना स्वीकारली जात नसे. २०२२ सालीं ही मर्यादा ७० वर आणली गेली. तेथें प्रत्येक सूचनेचा निकाल स्वतंत्र लागतो. परंतु एखाद्या खेळासाठीं शेंकडों सूचना आल्या आणि त्यांतून आधीं कोणती हातीं घ्यावी असा प्रश्न पडला, म्हणजे त्यांची क्रमवारी लावावी लागते. खरी अडचण तेथेंच उभी राहते.

तीन सूचना कल्पाव्या. पहिलीस ६०० अनुकूल व ४०० प्रतिकूल मतें. दुसरीस ९० अनुकूल व १० प्रतिकूल. तिसरीस तीनच मतें, पण तिन्ही अनुकूल. अनुकूल मतांतून प्रतिकूल वजा केलीं, तर पहिली सूचना अग्रस्थानीं येते. वास्तविक दहांपैकीं चौघांना ती नको आहे. पण फार दिवस यादींत राहिलेल्या सूचनेपाशीं मतें सांचतच जातात. नुसती शेंकडेवारी पाहिली, तर तिसरी पहिली ठरते. तिघां मित्रांनीं मिळून हजारांवर मात करावी, तसा हा प्रकार! मतें तींच, मतदार तेच. मोजण्याची रीत बदलली कीं निकाल बदलला.

यावरची तोड एडविन विल्सन या अमेरिकन गणितज्ञानें १९२७ सालीं मांडलेल्या सूत्रांत सांपडते. थोड्या मतांवर थोडाच भरंवसा ठेवावा, हें त्याचें सार. सर्वांना विचारलें असतां निदान किती अनुकूलता निघेल, याचा सावध अंदाज तें सूत्र देतें. शेंकडा ९५ खात्रीच्या प्रचलित रीतीनें हिशेब केला, तर दुसरीस सुमारें ८३, पहिलीस ५७ व तिसरीस ४४ असे अंक येतात. क्रम उचित लागतो. तिसरी कांहीं कायमची मागें पडत नाहीं. नव्या सूचना अधूनमधून यादीच्या माथ्यावर दाखविल्या, म्हणजे तिलाही संधि मिळते. जी दिसतच नाहीं, तिला मत कोण देणार?

तथापि एक उणीव कोणत्याही सूत्रानें भरून निघत नाहीं. लाल व हिरवा रंग वेगळे ओळखूं न शकणाऱ्या खेळाडूंसाठीं रंगांबरोबर चिन्हेंही द्यावीं, अशी सूचना आली, तर बहुसंख्यांना तिची गरज नसल्यानें ती यादीच्या तळाशींच राहण्याचा संभव अधिक. पण ज्याला ती हवी आहे, त्याची खेळांतील वाटच तिच्यावांचून अडलेली असते. कौल आवड सांगतो, निकड सांगत नाहीं. म्हणून अशा सूचनांचा विचार मतांच्या यादीबाहेर, निराळा व्हावा. आवड मतांनीं मोजावी. निकड मात्र विवेकानेंच जाणावी.