कोंबडी कुणाची?

(चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील बचत गट व महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून दारूबंदीवर बोलणं झालं, वनहक्कावर झालं. मी कोंबड्यांवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातल्या कितीतरी जणी हसल्या. खुशाल हसा. पण आधी एक करा. जिच्या घरी एकही कोंबडी नाही, तिनं हात वर करावा. बघा, चार-पाचच हात वर आले. आता दुसरा प्रश्न. घरात कुणालाही न विचारता जी आपली कोंबडी विकू शकते, तिनं हात वर करावा. आता कुणी हसत नाही. माझं बोलणं या दोन प्रश्नांच्या मधलं आहे.

आधी माझं सांगते. नोकरीतून मोकळी झाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात आठवडी बाजारात एक माणूस पोल्ट्रीतल्या उतरलेल्या कोंबड्या विकताना दिसला. पिसं झडलेली, मान उघडी पडलेली, तुरा पांढुरका, चोचीचं टोक कापलेलं. मी चार घेतल्या. त्यानं विचारलं, "कापून देऊ?" मी म्हटलं, "नको, तशाच द्या." त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

या कोंबड्यांचं आयुष्य असं असतं. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्या अंडी देऊ लागतात आणि वर्षाला तीनशेच्या आसपास देतात. आपली गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, एकवीस दिवस बसते, पिलं सांभाळते. त्यांना बसणं नाही, पिलं नाहीत. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला फुलस्केप कागदापेक्षाही कमी जागा येते. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही. दीड वर्षाच्या झाल्या, अंडी कमी झाली, की त्यांना काढून टाकतात. युरोपात अशा उघड्या-बोडक्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी आली. आपल्याकडेही विधी आयोगानं २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात या पक्ष्यांना ठेवण्याचे नियम सुधारावेत असं सांगितलं.

घरी आणून मी त्यांना सांदवाडीत सोडलं. त्या हलल्याच नाहीत. टोपली आडवी केली तरी आतच बसून राहिल्या. दांडीवर चढणं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून वीतभर उंचीची दांडी लावली. हाडं ठिसूळ झालेली असतात, उंचावरून उडी मारली तर पाय मोडतो. कनकी टाकली तर हे खाणं आहे हेच कळेना. मग आठ-दहा दिवस पोल्ट्रीचंच खाद्य दिलं आणि त्यात हळूहळू कनकी, धानाचा कोंडा, पालेभाजीची देठं वाढवत नेली. भरडलेले शिंपले वेगळ्या वाटीत ठेवले, कारण अंड्याच्या कवचापायी अंगातला सगळा चुना गेलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यातल्या एकीनं पायानं माती उकरली. थांबली. पुन्हा उकरली. मग खड्डा करून त्यात आडवी झाली आणि पंखांनी अंगावर धूळ उडवू लागली. आपल्या गावरान कोंबडीचं पिल्लू हे इवलंसं असताना आईच्या मागे फिरत शिकतं. हिला दीड वर्षानं साधलं. मी पिढ्यावर बसून बघत राहिले, चहा निवून गेला.

शेजारीण म्हणाली, "हे सगळं ठीक आहे, पण अंडी किती देतात?" खरं सांगते, पिसं भरल्यावर दोघी देऊ लागल्या, एक दिवसाआड. तिसरी कधीमधी. चौथी दुसऱ्याच महिन्यात अंडं अडकून मेली. पिळून काढलेल्या शरीरांचं असं होतं. पण मला तो प्रश्नच टोचला. जी देते तिला दाणा, जिचं देणं संपलं तिला बाजार, हा हिशेब आपल्यालाही लावला जातोच की. म्हातारी सासू, टाकलेली बहीण, मूल न झालेली जाऊ यांना घरात हाच प्रश्न विचारतात. मी कोंबड्यांना तो विचारायचा नाही असं ठरवलं. पुरुष संध्याकाळी पानठेल्यावर बसला तर तो त्याचा छंद. बाई कोंबड्यांपाशी बसली तर 'नसते उद्योग'. ती संध्याकाळची अर्धी घटका माझी आहे. तिथं मला कुणी काही मागत नाही.

तुम्ही म्हणाल, हे पेन्शनवालीचे चोचले. आमच्या कोंबड्या गरजेच्या आहेत. मान्य. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी सुमारे ३१ कोटी ७० लाख मोजले गेले. त्यांना दाणा टाकणारे, संध्याकाळी डाल्याखाली झाकणारे हात बहुतेक बायांचेच. पण कोंबडा विकायचा, कापायचा, की कोंबडबाजारात न्यायचा हे ठरवतं कोण? तुम्ही सहा महिने वाढवलेल्या कोंबड्याच्या पायाला काती बांधून त्याच्यावर पैसे लावतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं अशा झुंजी गुन्हा ठरतात. हरला तर कोंबडा गेला, जिंकला तरी पैसे दारूत गेले. घरी काहीच येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली, मानमोडीची. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. उन्हाळ्यात येतो, आपण मोहफुलं आणि तेंदूपत्त्याला जंगलात असतो, आणि परत येऊन बघावं तर डालं रिकामं. याला औषध नाही, लसच आहे. पिलांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर टोचायची लस. पुढचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अडचण अशी, की लशीची बाटली साधारण शंभर पक्ष्यांची येते, ती बर्फात आणावी लागते आणि मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी काय करणार? पण दहा बाया मिळून शंभर कोंबड्या होतात. पहाटे, डाली उघडण्याआधी, एका टोकापासून सुरुवात करायची. फेब्रुवारीच्या आत. आजारी पक्ष्याला टोचू नका.

दुसरी, बाहेरून आणलेल्या पक्ष्यांची. माझं ऐकून कुणी बाजारातली उतरलेली कोंबडी आणली तर आनंदच आहे, पण तिला निदान तीन आठवडे वेगळी ठेवा. वेगळं भांडं, आणि तिच्याकडे जायचं ते आपल्या कोंबड्यांचं आटोपल्यावर, शेवटी. नाहीतर एकीला वाचवताना गावाच्या कोंबड्या जायच्या. आजूबाजूला साथ असेल तर आणूच नका.

तिसरी, बर्ड फ्लूची. राज्यात तो २००६ साली नवापूरला आला तेव्हा आपल्याला ते लांबचं वाटलं. २०२५ च्या जानेवारीत तो ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत निघाला. एकदम खूप कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, खाऊ नका, नाल्यात फेकू नका, दवाखान्यात लगेच कळवा. एक ध्यानात ठेवा, सरकार ज्या कोंबड्या मारतं त्यांचीच भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात आपलंच नुकसान. आणि यादी करायला माणसं येतील तेव्हा घरधन्याचं नाव सांगून मोकळ्या होऊ नका. कोंबड्या जिच्या, नाव तिचं. पैसेही तिच्या खात्यात.

आपल्या बाया दारूविरुद्ध डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. ज्यांना तेवढं चालता येतं त्यांना आपल्या आळीतल्या कोंबड्या मोजता येणार नाहीत असं मी मानत नाही. घरी गेल्यावर एक वही घ्या. कुणाकडे किती पक्षी, लस कधी दिली, कितीला विकले, विकायचं कुणी ठरवलं, पैसे कुणाच्या हातात आले, एवढं लिहा. शेवटचे दोन रकाने कोरे ठेवू नका. भांडण झालं तर तेही लिहा. पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन या. मी तेव्हा दुसरा प्रश्न पुन्हा विचारणार आहे, आणि वर आलेले हात मोजणार आहे.