ओढीच्या शर्यतीतील ट्रक आणि त्याचा पुढचा आस



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा एक खेळ, आणि त्यातही गाडीच्या पोटाखाली दडलेली दातेरी चक्रांची एक पेटी! पण चिखलात रुतलेली एस. टी. आपण सर्वांनीच पाहिली आहे. एक चाक गरगर फिरून चिखल उडवीत असते आणि दुसरे, ज्याच्याखाली चांगली कोरडी जमीन असते, ते मात्र स्वस्थ उभे राहते. उतारू खाली उतरून गाडी ढकलतात. ज्याला पकड आहे ते चाक ओढत का नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. फक्त तो अशा ठिकाणी विचारायचा आहे, जिथे त्याच्या उत्तरावर जय-पराजय आणि गाडीवाल्याची पुष्कळशी कमाई लागलेली असते.

वळणावर गाडीचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडली तर टायर खरडतात, गाडी वळेनाशी होते. म्हणून पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने 1827 साली वाफेच्या गाडीसाठी या चक्रयोजनेचे पेटंट घेतले. तिलाच आपण डिफरन्शियल म्हणतो. तिचा स्वभाव मोठा समदर्शी आहे. दोन्ही चाकांना ती नेहमी सारखाच जोर देते. सारखा म्हणजे किती? तर ज्या चाकाची पकड कमी, त्याला पेलेल तेवढाच. डाव्या चाकाला 1500 पौंडांची पकड आहे आणि उजवे मऊ मातीत असल्याने 500 चीच आहे, तर एकूण ओढ 2000 होत नाही. 500 अधिक 500, म्हणजे 1000 होते. बलवंत भावाने अशक्त भावाइतकेच काम करावे, असा हा न्याय!

आता खेळाकडे वळू. तीनशे फुटांची मातीची धाव तयार केलेली असते. ट्रकच्या मागे साखळीने एक अवजड स्लेज जोडतात. तिच्या मागच्या बाजूला चाके आणि पुढच्या बाजूला जमिनीवर घासणारा पोलादी तवा असतो. गाडी पुढे सरकू लागली की स्लेजवरची वजनाची पेटी मागच्या चाकांवरून पुढे तव्यावर सरकत येते. म्हणजे गाडी जितकी पुढे जाईल तितके ओझे जड होत जाते, आणि शेवटी बहुतेकांना ते थांबवते. पूर्वी वाटेत उभी असलेली माणसेच एकेक करून स्लेजवर चढत. हा खेळ मूळचा घोड्यांचा. मग ट्रॅक्टर आले. 1969 साली ट्रॅक्टर ओढणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे चारही चाके ओढणाऱ्या पिकअप ट्रकांचे वर्ग सुरू झाले. ओहायोतील बोलिंग ग्रीनचा मेळा यात विशेष प्रसिद्ध आहे.

कोणी म्हणेल, ओढण्याचे काम तर मागच्या चाकांचे. पुढच्या आसाचे एवढे कौतुक कशाला? थोडे गणित करू. साखळी मागे, जमिनीपासून 26 इंचांवर अडकवलेली आहे. दोन आसांमधील अंतर 130 इंच धरा आणि ओढ 6000 पौंडांची धरा. ही ओढ गाडीचे नाक वर उचलू पाहते. सहा हजारांना 26 ने गुणून 130 ने भागले की 1200 येतात. इतके पौंड पुढच्या चाकांवरून उतरून मागच्यांवर जातात. म्हणूनच हे लोक गाडीच्या नाकापुढे लोखंडी वजने टांगतात. आठ हजार पौंडांच्या गाडीत पाच हजार पुढे ठेवले, तर ऐन ओढीतही पुढे 3800 उरतात. जवळजवळ निम्मी गाडी! तिथले एक चाक चिखलातल्या एस. टी. सारखे वागले तर शर्यत गेलीच म्हणून समजा. नवख्याने डिफरन्शियलवर पैसे घालण्याआधी ही वजने नीट टांगावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काम पुष्कळ स्वस्तात होते.

त्यानंतर मात्र निवड करावी लागते. साधा डिफरन्शियल कसा वागतो ते आपण पाहिले. दुसरा प्रकार घसरण आवरणारा. यात चकत्यांची चळत दोन्ही बाजूंना दाबून धरते आणि पकड असलेल्या चाकाला दुप्पट वगैरे जोर मिळू देते. मघाच्या उदाहरणात 500 अधिक 1000, म्हणजे 1500. पण चकत्या झिजतात. याच जातीतला, केवळ दातेरी चक्रांवर चालणारा टॉर्सन नावाचा प्रकार ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाने 1958 साली पेटंट केला. रस्त्यावर तो फार गुणी आहे. परंतु तो कमकुवत बाजूच्या जोराला गुणतो, आणि शून्याला कितीही गुणले तरी शून्यच! ओढीत पुढचे चाक उसळून क्षणभर अधांतरी होते, तेव्हा नेमका तो हात टेकतो.

तिसरा प्रकार लॉकरचा. यातला आपोआप चालणारा लॉकर एरवी दोन्ही चाके जखडून ठेवतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला मोकळे करतो. दुसरा चालकाने बटण दाबले की हवेच्या दाबाने जखडतो. आपल्याकडच्या ट्रॅक्टरवर पायाने दाबायचा डिफरन्शियल लॉक असतो, तो या दुसऱ्याचाच भाऊबंद. आणि चौथा स्पूल: आतली चक्रे काढूनच टाकायची व एक भरीव ठोकळा बसवायचा. दोन हजारांचे दोन हजार पदरात! काहीजण काटकसर म्हणून जुन्या चक्रांनाच वेल्डिंग मारतात. ते तडकले की तुकडे दातांत अडकतात आणि क्राऊन व पिनियनही बाद होतात. अशी काटकसर महागच पडते.

मग सर्वांनीच स्पूल का बसवू नये? साध्या डिफरन्शियलमध्ये एका बाजूच्या शाफ्टवर कधीही निम्म्याहून अधिक पीळ येत नसे. स्पूलमध्ये एक चाक उसळले की सगळा पीळ एकाच शाफ्टवर येतो. तो अशक्त भाऊ अडवणूक करीत होता खरा, पण त्याच अडवणुकीने शाफ्ट वाचत होता! आता तो शाफ्ट जाड हवा, आणि चाकापाशी असलेला क्रॉस जॉइंट त्याहून भक्कम हवा, कारण चाक वळवलेले असताना जॉइंट वाकलेला असतो व त्याच स्थितीत त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो. म्हणून साडेआठ इंचांच्या क्राऊनचा डाना 44 आस काढून पावणेदहा इंचांचा डाना 60 बसवणारे पुष्कळ. जनरल मोटर्सच्या पिकअपना 1988 च्या नव्या बांधणीपासून पुढे सुटी चाके आली. ओढीत त्यांचे स्टिअरिंगचे दांडे वाकतात, म्हणून काहीजण सगळेच काढून अखंड आस घालतात. आणखी एक बारकी गोष्ट. क्राऊनचे दात तिरके असतात व त्यांची एक बाजू अधिक बळकट असते. मागच्या आसासाठी कापलेले दात तसेच पुढे बसवले तर पुढे जाताना नेमकी दुबळी बाजू राबते. यासाठी उलट्या कापाचे दात मिळतात, तेच घ्यावेत.

स्टिअरिंगचाही विचार हवा. स्पूलमुळे गाडी सरळच जाऊ पाहते. माती भुसभुशीत असल्याने टायर घसरून थोडेफार वळू देतात, पण गाडी एकदा तिरपी होऊन आखलेल्या रेषेबाहेर गेली की ती बाद. दोन हजारांची ओढ घेऊन रेषेबाहेर जाणाऱ्यापेक्षा दीड हजारांवर सरळ जाणारा पुढे असतो.

जो ट्रक ट्रेलरवर लादून मैदानात आणायचा आणि पुन्हा लादून घरी न्यायचा, त्याला स्पूल आणि जाड शाफ्ट हेच योग्य. पण शनिवारी शर्यत आणि सोमवारी त्याच गाडीतून कामाला जायचे, अशा माणसाने आधी पुढच्या हबकडे पाहावे. हब हाताने मोकळे करता येत असतील तर रस्त्यावर पुढची चाके शाफ्टपासून सुटी होतात, आणि आत काय बसवले आहे याने काही बिघडत नाही. हब कायमचे जोडलेले असतील तर मात्र स्पूल दर वळणावर टायर खाईल, आणि पावसात गाडी वळवताना जीव मुठीत धरावा लागेल. घरची मंडळी त्याच गाडीत बसणार असतात. तिथे बटणाचा लॉकर घ्यावा, पैसे कमी असतील तर चकत्यांचा घ्यावा.

आणि कोणताही घेतला तरी ही मंडळी एक युक्ती करतात. शाफ्ट बसवण्यापूर्वी त्याच्यावर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. काही शर्यतींनंतर तो बाहेर काढून पाहायचा. रेघ सरळ असेल तर परत बसवायचा. ती वेलीसारखी वळसा घेऊ लागली असेल, तर शाफ्ट अजून तुटलेला नसला तरी नवा आणायचा.