पोस्टातले नाना

राजापूरला आमच्या वडिलांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. ते शिक्षक नव्हते आणि पोस्टमास्तरही नव्हते. पोस्टात कारकून म्हणून लागले आणि १९९४ साली कारकून म्हणूनच निवृत्त झाले. पण खिडकीपलीकडे बसलेला माणूस तो मास्तर, असा आमच्याकडचा साधा हिशेब. घरी आम्ही त्यांना नाना म्हणत असू.

नानांविषयी सांगायचे तर आधी मनीऑर्डरविषयी सांगायला हवे. त्या काळी कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईला असे. परळ-लालबागच्या गिरणीत राबायचे, चाळीतल्या एका खोलीत दहाजणांत पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करायची. वाण्याची उधारी, लावणीची मजुरी, मुलांची पुस्तके, म्हातारीचे औषध, सारे तिच्यावर चाले. फॉर्मच्या खाली एक लहानसे कूपन असे. त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहिता येई. पोस्टमन पैसे देताना ते कूपन फाडून हातात देई. वाचता न येणाऱ्या बायका ते पदराला बांधून ठेवीत आणि बाजाराला आल्या की पोस्टाच्या खिडकीतून आत सरकवीत. “मास्तर, काय लिवलान?”

नाना आधी स्वतःशी वाचीत. मग जागेवरून उठून बाहेर येत, तिला बाकाच्या टोकाशी नेत आणि हळू आवाजात सांगत. रांगेतल्यांना ऐकू जाता कामा नये. रांग खोळंबे, लोक कुरकुरत, कधी साहेबही बोलत. नानांनी ही सवय सोडली नाही. दोन ओळींत असे काय गुपित मावणार, असे आपल्याला वाटेल. पण ‘या महिन्यात कमी पाठवले आहेत’ एवढे वाक्यही चारचौघांत ऐकायला जड असते. अर्ध्या पंचक्रोशीची दुखणी नानांना ठाऊक होती. त्यातले एकही आमच्या घराचा उंबरठा ओलांडून आत आले नाही. आई खोदून खोदून विचारी. नाना म्हणत, “भात वाढ.”

नाना देवमाणूस वगैरे होते असे मी म्हणणार नाही. ते चिक्कू होते. आलेली पाकिटे उलटी करून पुन्हा वापरीत, दिवा चालू राहिला तर घर डोक्यावर घेत. आम्हां मुलांशी गप्पा म्हणाल तर फारशा नाहीत. उन्हाळ्याला गंगा आली की मात्र आम्हा सगळ्यांना पहाटे उठवून स्नानाला नेत. गंगा आल्याची बातमी नातेवाइकांना कळवायला गाव पोस्टकार्डांवर तुटून पडे, तेव्हा नानांना तिथे डोके वर काढायला फुरसत नसे. तरी आमची एक पहाट त्यांनी कधी चुकवली नाही. चौदा कुंडांचे पाणी अंगावर घेताना ते मोठ्याने हसत. तेवढे हसू वर्षभर पुरवायचे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा सहावीत होते. शिमग्यापर्यंत मनीऑर्डरी बऱ्यापैकी येत होत्या, मग आटत गेल्या. बायका मात्र ठरलेल्या दिवशी येतच राहिल्या. नाना त्यांच्यादेखत पुन्हा एकदा सगळा गठ्ठा चाळीत. नाही हे त्यांना आधीच माहीत असे. “उद्या येईल” असे मात्र त्यांनी कुणालाही म्हटले नाही.

माझे काकाही गिरणीतच होते. मे महिन्यात ते काकू आणि दोन मुलांना घेऊन आले. मे महिन्यात चाकरमानी येतातच, त्यामुळे कुणाला वेगळे वाटले नाही. जूनमध्ये माझ्या चुलतभावंडांची नावे आमच्याच शाळेत घातली तेव्हा आम्हाला उमगले. आजी धरून घरात दहा माणसे झाली आणि पगार एका कारकुनाचा. आईच्या हातातल्या दोन बांगड्या त्या पावसाळ्यात गेल्या.

नानांनी एक गोष्ट केली. इतकी वर्षे बाजार ते स्वतः आणीत. भाव करण्यात त्यांना मोठा रस. तो बाजार त्यांनी काकांकडे सोपवला. पगाराच्या दिवशी घरखर्चाचे पैसे काकांच्या हातात, तेही काकूंच्या समोर. काय आणायचे, किती आणायचे, ते काकांनी ठरवायचे. उरलेली मोड नानांनी कधी मागितली नाही. संध्याकाळी बाजारातून येताना काका मुलांसाठी शेंगदाणे, कधी लिमलेटच्या गोळ्या आणीत. आम्हाला वाटे, काका नानांपेक्षा उदार. आम्ही तसे बोलूनही दाखवत असू आणि नाना मान हलवीत.

संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही. गिरणीत काका पुन्हा गेले नाहीत. तीन वर्षांनी त्यांना मुंबईत एका इमारतीवर रखवालदाराची नोकरी मिळाली आणि ते कुटुंबासह परतले. त्यांना एसटीत बसवून देताना नानांनी फणस कुठे ठेवला आहे एवढेच दोनदा सांगितले.

लग्नानंतर मी कऱ्हाडला आले. नानांचे पोस्टकार्ड महिन्याच्या एक तारखेला आणि सोळा तारखेला निघे. पाऊस, विहिरीचे पाणी, आईचा गुडघा, कोण आजारी, कोण बरे. घरात फोन आला तरी कार्ड बंद झाले नाही. २००९ साली नाना गेले.

तेराव्यानंतर काकांनी आईकडे नानांच्या जमाखर्चाच्या वह्या मागितल्या. नाना रोजचा पै-पैचा हिशेब लिहीत, काडेपेटीसुद्धा. काका चष्मा लावून ओटीवर बसले आणि १९८२ पासूनची पाने एकेक करून उलटू लागले. मी शेजारीच तांदूळ निवडत होते. त्यांना किती देणे लागते ते पाहायचे होते. तांदूळ, रॉकेल, शाळेची फी, सारे होते. पण कुणासाठी किती, हे कुठेच नव्हते. फी सुद्धा ‘मुलांची फी’ अशी एकत्र.

“वहिनी, दादानं वेगळं लिहिलंच नाही,” काका म्हणाले.

आई काही बोलली नाही. जाताना काकांनी त्या तीन वर्षांच्या वह्या मागून घेतल्या. आता त्या डोंबिवलीला, माझ्या चुलतभावाच्या कपाटात आहेत.